आईची मांडी आणि मोटारीचा वेग

मूल सर्वांत सुरक्षित कोठे असते, असे विचारले तर आपल्याकडे लहानथोर एकच उत्तर देतील : आईच्या मांडीवर. घरात, अंगणात, फार काय बैलगाडीतही हे उत्तर खरे आहे. मोटारीत मात्र ते खोटे ठरते. ते का, आणि ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात उतरायला किती सायास पडले, हे येथे सांगण्याचा माझा विचार आहे. पदार्थविज्ञान हा माझ्या अध्यापनाचा विषय, तेव्हा आरंभ थोड्या गणिताने करतो. कला शाखेच्या वाचकांनी घाबरून पान उलटू नये!

समजा, मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. ती झाडावर आदळून एक दशांश सेकंदात थांबली. हिशेब मांडला तर येणारे ऋण त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या चौदा पटींहून अधिक भरते. मांडीवर दहा किलोचे मूल असेल, तर त्याला धरून ठेवण्यासाठी त्या क्षणी आईच्या हातांना सुमारे १४० किलोचे ओझे पेलावे लागेल. म्हणजे सिमेंटची जवळजवळ तीन पोती, आणि तीही ध्यानीमनी नसताना! येथे मायेची कसोटी नाही. माणसाच्या स्नायूंची ती ताकदच नव्हे. आईने स्वतः पट्टा बांधलेला नसेल तर अधिकच अनर्थ. तिचे पन्नास-पंचावन्न किलोचे शरीर त्याच वेगाने पुढे जाते आणि मूल तिच्या व डॅशबोर्डच्या मध्ये सापडते.

आज सर्वत्र दिसणारा तीन टोकांचा सीटबेल्ट व्होल्व्हो कंपनीचे स्वीडिश अभियंते निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केला. तो बांधण्याची सक्ती ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये केली. पण हा पट्टा प्रौढ माणसाच्या मापाचा. तो कमरेच्या व छातीच्या बळकट हाडांवर बसावा अशी त्याची रचना आहे. लहान मुलाच्या अंगावर तोच पट्टा पोटाच्या मऊ भागावर आणि गळ्यावर येतो. शिवाय नवजात अर्भकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतके असते. मोठ्या माणसाचे सातव्या-आठव्या. असे जड डोके कोवळ्या मानेवर झटक्याने पुढे गेले तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून तान्ह्या मुलाचे आसन गाडीच्या मागील बाजूस तोंड करून बसवतात. धक्का बसला की डोके, मान, पाठ यांना आसनाची पाठ एकदम सावरून धरते. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी ही कल्पना मांडली. उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेणाऱ्या अंतराळवीरांच्या आसनांवरून त्यांना ती सुचली होती.

आसने आली तरी ती वापरणार कोण? अमेरिकेतील टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. मुलांना लसी टोचणारा हा डॉक्टर विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवू लागला. चिकाटीला यश येऊन १९७७ मध्ये तेथे कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून चार वर्षांखालील मुलांना बालआसनात बसवणे आईवडिलांना बंधनकारक झाले. असा कायदा करणारे टेनेसी हे अमेरिकेतील पहिले राज्य. परंतु विधिमंडळाने त्यात एक पळवाट ठेवली : मूल मोठ्या माणसाच्या कुशीत असेल तर आसन नको! कायदे करणाऱ्यांनाही मांडीचा मोह सुटला नव्हता. ही सवलत रद्द व्हायला १९८१ साल उजाडले. पुढे १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले.

आता आपल्याकडे पाहू. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १९४ ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्टने अथवा बालआसनाने सुरक्षित न करता गाडी चालवली तर चालकास एक हजार रुपये दंड, असे ते सांगते. यातील ‘अथवा’ हा शब्द मला खटकतो. बारा वर्षांच्या उंच मुलाला पट्टा पुरेल. दोन वर्षांच्या मुलाला तो पुरत नाही, हे वर पाहिलेच. कायद्याची पूर्तता आणि मुलाचे रक्षण या येथे दोन वेगळ्या गोष्टी होतात.

दुचाकीसाठीही नियम आहे. २०२२ मध्ये अधिसूचित होऊन फेब्रुवारी २०२३ पासून तो अमलात आला. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला मापाचे हेल्मेट हवे, चालकाशी जोडणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. ताशी ४० ची धडक म्हणजे सुमारे सहा मीटर उंचीवरून पडणे. स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या भाच्याला मिरवत बाजारात नेणाऱ्या मामालोकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आसन महाग पडते, एका गाडीत सहा-सात माणसे बसवायची असतात, मूल रडते, या अडचणी खऱ्या आहेत. त्यांना माझ्यापाशी सोपे उत्तर नाही. तरी काही गोष्टींना फार खर्च नाही. मुलाला मागच्या सीटवर बसवावे. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंडाचे आसन कदापि ठेवू नये. एकाच पट्ट्यात आई व मूल दोघांना गुंडाळू नये.

विद्यार्थी मित्रहो, चोर्ला घाटातून गोव्याला निघालेल्या घरच्या गाडीचे चक्र उद्या तुमच्याच हाती येणार आहे. ‘मी धरते की त्याला घट्ट’ असे मागून कोणी म्हणाले, तर त्या माउलीला १४० किलोचा हिशेब नम्रपणे सांगा आणि पट्टे बांधून झाल्यावरच किल्ली फिरवा.