डोके शिकते, बोटे अडतात

विंडोज सोडून मॅकवर आलेल्या माणसाला पहिले काही दिवस नवी प्रणाली अवघड वाटते. खरे तर अवघड असते ते जुने विसरणे. मजकूर कॉपी करायला विंडोजवर करंगळी कंट्रोलकडे जाते. मॅकवर तेच काम स्पेसबारशेजारची कमांड करते आणि ती अंगठ्याने दाबणे सोयीचे पडते. खिडकी बंद करण्याचे बटण उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात जाते, आणि ते दाबूनही प्रोग्राम बहुधा चालूच राहतो. हे नियम पाच मिनिटांत पाठ होतात, पण बोटे ऐकत नाहीत. कारण माहितीची आणि कौशल्याची स्मृती मेंदूत वेगवेगळी साठते. १९५३ मध्ये मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या रुग्णाला नव्या घटना आठवत नसत. तरीही मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी घेतलेल्या चाचणीत, आरशात पाहून चांदणी गिरवताना मोलेसन यांचा हात तीन दिवसांत सफाईदार झाला. आधीचा सराव मात्र त्यांना आठवत नव्हता.

मग सेटिंगमध्ये कळांची अदलाबदल करून जुनीच सवय का राखू नये? रोज दोन्ही संगणक हाताळावे लागणाऱ्यांसाठी ते शहाणपणाचेच. मराठी टंकलेखकांना सगळीकडे एकच सवय चालण्याचा फायदा ठाऊक आहे: इनस्क्रिप्ट कळफलक एकदा हातात बसला की विंडोज असो वा लिनक्स, ‘क’ जागचा हलत नाही. पण कायमचा मुक्काम हलवला असेल, तर अदलाबदल म्हणजे उसनवारी. दुसऱ्याच्या मॅकवर बसताच ती उघडी पडते. त्यापेक्षा नेहमीच्या चार-पाच कळा मुद्दाम सावकाश घोटाव्यात. वेग मागाहून येतो.