पाळणाघरांना मानांकन हवे. पण खर्च कोणी करायचा?

सकाळी मूल पाळणाघरात सोडून लोकल गाठणाऱ्या आईवडिलांना तेथे दिवसभर काय घडते, हे कळण्याचा मार्ग फारसा नसतो. जागेची स्वच्छता दिसते, महिन्याची फी कळते, शेजाऱ्यांचे मत कानी पडते. मात्र मूल रडले तर त्याला जवळ कोण घेते, त्याच्याशी कोणी बोलते का, एका मावशींकडे किती मुले सोपवली आहेत, या गोष्टी दारातून दिसत नाहीत. महाविद्यालयांना जसे 'नॅक'चे मानांकन असते, तसे पाळणाघरांनाही असावे, ही अपेक्षा त्यातूनच निर्माण होते. ती रास्तच आहे. पण मानांकनाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न त्याआधी सोडवावा लागतो. अमेरिकेचा गेल्या चार दशकांचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

परवाना वेगळा, मानांकन वेगळे

अमेरिकेत पाळणाघर चालवण्यासाठी राज्य सरकारचा परवाना लागतो. आगीपासून संरक्षण, स्वच्छता, मुलांची कमाल संख्या अशा किमान अटी त्यात असतात. मानांकन ही त्यापुढची, ऐच्छिक पायरी. लहान मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या 'एनएईवायसी' या राष्ट्रीय संघटनेने १९८५ मध्ये ही पद्धत सुरू केली. पाळणाघराने आधी स्वतःच्या कामाची तपासणी करायची, उणिवा दूर करायच्या आणि मग बाहेरच्या परीक्षकांना बोलवायचे, असा तिचा क्रम आहे. मुलांशी होणारा संवाद, शिकवण्याची पद्धत, शिक्षिकांचे शिक्षण, आरोग्य, पालकांशी संबंध अशा अनेक बाजू त्यात तपासल्या जातात. तान्ह्या बाळांच्या बाबतीत चार बाळांमागे एक सांभाळणारी व्यक्ती हे प्रमाण अपेक्षित असते.

खर्चाचे मूळ याच प्रमाणात आहे. एकीकडे आठ बाळे सोपवणाऱ्या पाळणाघराला हे प्रमाण गाठायचे तर माणसे दुप्पट लागतात, म्हणजेच पगाराचा बोजाही दुप्पट होतो. शिवाय प्रशिक्षित माणूस कमी पगारात टिकत नाही. फी वाढवावी तर पालक जातात आणि पगार तोकडा ठेवावा तर सांभाळणारी माणसे जातात. या कोंडीमुळेच मानांकन दीर्घकाळ मोजक्या पाळणाघरांपुरते राहिले.

लष्कराने घेतलेला धडा

ही कोंडी फुटली ती अनपेक्षित ठिकाणी. १९८० च्या दशकात अमेरिकी लष्करी तळांवरील पाळणाघरांची अवस्था चिंताजनक होती. इमारती असुरक्षित होत्या, मुलांवरील अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आली होती आणि कर्मचारी टिकत नव्हते. काही तळांवर तर एकाच जागेवर वर्षभरात तीन-तीन माणसे बदलत. अखेर १९८९ मध्ये तेथील संसदेने 'मिलिटरी चाइल्ड केअर ॲक्ट' संमत केला.

या कायद्याने तपासणी कडक केली. वर्षातून चार वेळा पूर्वसूचना न देता पाहणी होऊ लागली. त्याच वेळी सरकारने आपली थैलीही मोकळी केली. पालकांकडून जेवढी फी जमा होईल, किमान तेवढीच रक्कम सरकारी निधीतून द्यायची, असे ठरले. फी कुटुंबाच्या उत्पन्नानुसार आकारली जाऊ लागली. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी खास माणसे नेमण्यात आली आणि पगारवाढ प्रशिक्षणाशी जोडण्यात आली. निवडक पाळणाघरांना मानांकन मिळवून देण्याचा प्रयोगही याच कायद्याने सुरू झाला. परिणामी कर्मचाऱ्यांची गळती घटली. २००० च्या सुमारास लष्कराच्या सुमारे ९५ टक्के पाळणाघरांना मानांकन मिळालेले होते. त्याच वेळी नागरी पाळणाघरांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के होते. देश तोच आणि निकषही तेच. पण लष्करी तळांवर निकषांच्या पाठीशी पैसा उभा होता.

राज्यांचे प्रयोग

नागरी भागात राज्यांनी वेगवेगळे मार्ग अवलंबले. ओक्लाहोमाने १९९८ मध्ये पाळणाघरांना तारे देण्याची राज्यव्यापी पद्धत प्रथम सुरू केली. गरीब कुटुंबांतील मुलांसाठी सरकार जे अनुदान देते, त्याचा दर ताऱ्यांनुसार वाढत गेला. नॉर्थ कॅरोलिनात १९९० मध्ये सुरू झालेल्या 'टीच' शिष्यवृत्तीत शिक्षणाचा खर्च कर्मचारी, पाळणाघर आणि पुरस्कर्ते यांच्यात वाटला जातो. शिकणाऱ्या व्यक्तीला पगारवाढ किंवा बक्षीस रक्कम मिळते आणि त्या बदल्यात ती ठरावीक काळ त्याच ठिकाणी काम करण्याची हमी देते. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने तर राज्यांना बालसंगोपन निधीतील वाढता हिस्सा दर्जावाढीसाठी राखून ठेवण्यास सांगितले. मानांकनासाठी प्रयत्न करणाऱ्या पाळणाघरांना साह्य करणे, हा त्यातील एक मान्य खर्च आहे.

अर्थात, तारे वाढले की मुलांची प्रगतीही त्याच प्रमाणात वाढते, असे सर्व अभ्यासांतून दिसलेले नाही. कागदपत्रांचा व्याप घरगुती पाळणाघरांना झेपत नाही, ही तक्रारही कायम आहे.

आपल्याकडील चित्र

भारतात २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने सरकारी, खासगी आणि स्वयंसेवी अशा सर्व केंद्रांच्या दर्जाचा विचार मांडला. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. २०१८ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने अशा पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा, सुरक्षितता, मनुष्यबळ यांबाबतच्या अपेक्षा त्यात आहेत. मात्र दादर, डोंबिवली किंवा कोथरूडमधील एखाद्या गृहिणीने दोन खोल्यांत चालवलेल्या पाळणाघराने हा दर्जा गाठावा, यासाठी वाढीव अनुदान किंवा प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती यांची तरतूद त्या कायद्यात वा सूचनांत नाही.

अशा स्थितीत उद्या मानांकन सक्तीचे केले, तर काय होईल? महागडी पाळणाघरे ते मिळवतील आणि फी वाढवतील. छोटी पाळणाघरे एक तर बंद पडतील किंवा पाटी उतरवून गुपचूप चालू राहतील. ज्या आईचा पगार बेताचा आहे, तिचे मूल मग कोणाचीही नजर नसलेल्या खोलीत जाईल. म्हणूनच सांभाळणाऱ्या मावशींचे प्रशिक्षण, त्यांचा पगार आणि त्यासाठीचा निधी यांची व्यवस्था आधी व्हायला हवी. परीक्षकांनी दार ठोठवावे, ते त्यानंतर.