सुटलेला झेल आणि झालेला आकांत

मैदानावर एखाद्या खेळाडूच्या हातून झेल निसटतो. घटना घडून जाण्यास क्षणभरही लागत नाही. परंतु तिच्यावरील शोक मात्र कित्येक तास, आणि कधी कधी कित्येक वर्षे चालतो. वाचकहो, हा शोक आपण आपल्या घरातही पाहिला असेल. एरवी मितभाषी असलेले काका दूरचित्रवाणीपुढून ताडकन उठतात आणि "आमच्या आजीनेसुद्धा हा झेल पदरात घेतला असता!" असे जाहीर करतात. ज्या आजीला या साऱ्याचा गंधही नसतो, ती बिचारी आपले नाव कशात आले म्हणून आतून चौकशी करू लागते. कोलकात्यात फुटबॉल असो, पंजाबात हॉकी असो किंवा आपल्याकडे कबड्डी असो, भाषा पालटते, खेळ पालटतो. काका आणि आजी मात्र तीच राहतात.

पराचा कावळा करण्याच्या या कलेला आपण सहसा दोष देतो. परंतु तिच्यात दोन जाती आहेत, आणि त्या दोहोंत हस्तिदंत आणि हाड यांच्याइतकाच फरक आहे. पहिल्या जातीचा कावळा इतका प्रचंड असतो की, त्याच्यावर कोणी विश्वास ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. क्रिकेटमधील सर्वांत प्रसिद्ध नाव अशाच एका कावळ्यापासून जन्मास आले.

29 ऑगस्ट 1882 हा तो दिवस. लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकण्यासाठी इंग्लंडला अवघ्या 85 धावा हव्या होत्या. 51 धावा होईपर्यंत दोनच गडी बाद झाले होते. पुढे स्पॉफर्थच्या गोलंदाजीपुढे एकामागून एक गडी कोसळत गेले, आणि एडमंड पीट हा अखेरचा फलंदाज मैदानात उतरला तेव्हा 10 धावा उरल्या होत्या. पलीकडच्या टोकास चार्ल्स स्टड उभा होता. त्याच ऋतूत ऑस्ट्रेलियन पाहुण्यांविरुद्ध दोन शतके काढलेला हा फलंदाज त्या डावात एकही चेंडू खेळला नव्हता. शहाणपणाचा मार्ग उघड होता: एक धाव काढावी आणि स्टडला पुढे करावे. पीटने तसे केले नाही. त्याने बॅट फिरवून दोन धावा मिळवल्या, पुन्हा फिरवली, आणि बॉइलच्या चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. इंग्लंड 7 धावांनी हरले. नंतर जाब विचारला असता, आपल्याला स्टडसाहेबांचा भरवसा वाटला नाही, असे त्याने सांगितले म्हणतात. अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाचा हा आत्मविश्वास मला तरी त्या पराभवापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

आपल्या भूमीवर इंग्लंड प्रथमच ऑस्ट्रेलियाकडून कसोटी सामना हरले होते. चार दिवसांनी, 2 सप्टेंबर रोजी, 'स्पोर्टिंग टाइम्स' या गुलाबी कागदावर निघणाऱ्या पत्रात काळ्या चौकटीत मृत्युवार्ता छापून आली. मृत व्यक्ती म्हणजे 'इंग्लिश क्रिकेट'. शोकाकुल आप्तेष्टांचा रीतसर उल्लेख होता, आणि खाली तळटीप होती की, पार्थिवाचे दहन होऊन रक्षा ऑस्ट्रेलियास नेण्यात येईल.

आपल्या वाचकांना यातील दहन मुळीच विचित्र वाटणार नाही. त्या काळच्या इंग्रजाला मात्र विनोदाची खरी फोडणी तिथेच लागत होती. तेथे दफनाचा रिवाज होता, दहनाला कायद्याची मान्यता आहे की नाही यावर वाद चालू होता, आणि न्यायालयाने त्याला मोकळीक दिली ती 1884 मध्ये. टिपणाचा लेखक रेजिनाल्ड ब्रुक्स याचे वडील 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे संपादक आणि दहनाचे पुरस्कर्ते होते. तेव्हा चिरंजिवांनी क्रिकेटच्या निमित्ताने घरचे कार्यही उरकून घेतले, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या टिपणात पीटचे नाव कोठेही नव्हते, हे आपण ध्यानात घ्यावे. लेखकाने एका माणसाला फटकारण्याऐवजी साऱ्या खेळालाच तिरडीवर ठेवले. त्यामुळे पीटला फासावर देण्याचे कारण उरले नाही. पुढच्याच हिवाळ्यात आयव्हो ब्लाय हा कर्णधार 'रक्षा परत आणण्यासाठी' ऑस्ट्रेलियास गेला, आणि तेथे त्याला थट्टेने एक छोटा कलश भेट मिळाला. तो भेट देणाऱ्या मंडळींपैकी फ्लॉरेन्स मॉर्फी हिच्याशी 1884 मध्ये त्याचा विवाहही झाला. त्याच्या मृत्यूनंतर, 1927 मध्ये, कलश लॉर्ड्सला पोहोचला. उंची सुमारे 11 सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही! दोन राष्ट्रे सव्वाशेहून अधिक वर्षे 'ॲशेस'साठी झुंजत आहेत, आणि रक्षाविसर्जन काही होत नाही.

आता दुसरी जात पाहा. 16 ऑक्टोबर 1912 रोजी बॉस्टन येथे अमेरिकेतील बेसबॉलच्या 'वर्ल्ड सीरीज'चा निर्णायक सामना चालू होता. न्यूयॉर्कच्या संघाकडे एका धावेची आघाडी होती. उंच उडालेला एक सोपा चेंडू फ्रेड स्नॉडग्रास याच्या हातून सुटला आणि बॉस्टनने तो सामना जिंकला. विजेत्या आणि पराभूत संघांना मिळणाऱ्या रकमांतील फरक हिशेबात धरून त्या चुकीला लोकांनी 'तीस हजार डॉलरांची चूक' असे नाव दिले. यात थट्टेचा आव आहे, परंतु थट्टा नाही; कारण आकडा दिला की माणसाला ते खरे वाटू लागते. वास्तविक त्यानंतर त्याच डावात त्याच्या सोबत्यांनी एक सोपा झेल आपसांतील गोंधळाने जमिनीवर पडू दिला होता. आणि चूक झाल्यानंतर लगेचच पुढच्या फटक्यावर स्नॉडग्रासने धावत जाऊन एक अप्रतिम झेल घेतला होता.

पुढे तो पेढीच्या व्यवसायात स्थिरावला, कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड नगराचा महापौर झाला. 1974 च्या एप्रिलमध्ये, 86 व्या वर्षी, त्याचे निधन झाले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मृत्युलेखाच्या मथळ्यात काय सांगितले? 1912 मध्ये चेंडू सोडणारा खेळाडू मरण पावला! बासष्ट वर्षे लोटली होती. ओव्हलनंतरची मृत्युवार्ता खोटी असून सर्वांना हसवून गेली. ही खरी होती, आणि तिच्यात हसण्याजोगे काही नव्हते.

चूक करणाऱ्यानेच प्रथम हसावे, हा प्रकार दुर्मीळ. पण तोही घडला आहे. 1902 च्या जुलैमध्ये मँचेस्टर येथे ससेक्सचा गोलंदाज फ्रेड टेट आपला पहिला कसोटी सामना खेळत होता. दूर सीमेजवळ त्याच्या हातून ऑस्ट्रेलियाचा कर्णधार डार्लिंग याचा झेल सुटला. त्या डावात सर्वाधिक, म्हणजे 37 धावा डार्लिंगच्याच झाल्या. इंग्लंडला 124 धावा हव्या होत्या. 3 बाद 92 या सुस्थितीतून डाव ढासळत गेला आणि 8 धावा हव्या असताना टेट अखेरचा फलंदाज म्हणून आला. तेवढ्यात पाऊस आला! पाऊण तासाच्या सुमारास बिचारा मनातल्या मनात त्याच 8 धावा मोजत बसला असेल. खेळ सुरू होताच पहिल्या चेंडूवर त्याने चौकार मिळवला. चौथ्यावर त्रिफळा उडाला. 3 धावांनी पराभव. शेवटचे 7 गडी 28 धावांत गेले होते, त्यांपैकी सहाजणांची नावे कोणाच्या तोंडी राहिली नाहीत.

टेटला पुन्हा कसोटीत स्थान मिळाले नाही. परंतु त्या दिवशी, घरी एक पोरगा आहे, तो हे सारे भरून काढील, असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. पोरगा तेव्हा सात वर्षांचा होता. मॉरिस टेट त्याचे नाव. 1924 मध्ये आपल्या पहिल्या कसोटीतील पहिल्याच चेंडूवर त्याने बळी घेतला, आणि त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात जाऊन एका मालिकेत 38 गडी बाद केले. इंग्लंड ती मालिका 4-1 अशी हरले.