लेखांक ४ : एका छपराखालची दोन कुटुंबे

मागील लेखांकात अमेरिकी माफियाची उतरंड पाहिली : सर्वांत वर बॉस, त्याच्याखाली आपापली टोळी चालवणारे कापो आणि त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष वसुली करणारे सोल्जर. या साऱ्या संघटनेला तेथे ‘फॅमिली’ म्हणतात. रक्ताच्या नात्याचा शब्द खंडणी, जुगार आणि सावकारीच्या धंद्याला लावण्यात जी सोयीस्कर गल्लत आहे, तिच्यावरच एचबीओ वाहिनीवरील ‘द सोप्रानोज’ ही मालिका उभी आहे. डेव्हिड चेस यांनी निर्मिलेली ही मालिका १० जानेवारी १९९९ ते १० जून २००७ या काळात ६ पर्वांत आणि ८६ भागांत प्रसारित झाली.

टोनी सोप्रानो (जेम्स गँडोल्फिनी) हा न्यू जर्सीतील कापो जगाला स्वतःची ओळख कचरा व्यवस्थापनाचा सल्लागार अशी करून देतो. घरच्या पोहण्याच्या तलावात वाढलेली बदके उडून जाताच तो भोवळ येऊन पडतो. हा ‘पॅनिक अटॅक’, म्हणजे धोका समोर नसताना शरीराला ग्रासणारी तीव्र भीती, असल्याचे निदान झाल्यावर त्याला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फी यांच्याकडे जावे लागते. उपचार बोलण्यावर चालतो, तर टोळीचा कायदा ‘ओमेर्ता’ आहे, म्हणजे धंद्याविषयी बाहेर अवाक्षरही न काढण्याचे बंधन. म्हणूनच ज्या कर्जदाराला टोनीने गाडीखाली घेऊन जायबंदी केले, त्याच्यासोबत आपण कॉफी घेतली, एवढेच तो डॉक्टरांना सांगतो.

हेच मौन घरातही पाळले जाते, याचा उत्तम दाखला म्हणजे पहिल्या पर्वातील ‘कॉलेज’ हा पाचवा भाग. मुलगी मीडो हिला महाविद्यालये दाखवायला मेन राज्यात नेले असता टोनीला एक जुना खबऱ्या दिसतो, जो नवे नाव घेऊन राहत असतो. मीडो मुलाखतीला गेली असताना टोनी त्याचा तारेने गळा आवळतो आणि परतल्यावर हाताच्या जखमेविषयी मुलीला थाप मारतो. प्रवासात ‘तुम्ही माफियात आहात का’ असे विचारून अर्धीमुर्धी कबुली मिळवलेली मीडो ती थाप ओळखून असते, पण अधिक खोदून विचारत नाही. इकडे घरी पत्नी कार्मेला (ईडी फाल्को) पाद्र्यापुढे मान्य करते की, सुखसोयींच्या मोहापायी तिनेच पाप घरात येऊ दिले.

तिसऱ्या पर्वात हा हिशेब आकड्यांत मांडला जातो. मुलांना घेऊन नवऱ्यापासून वेगळे व्हा, असा सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. क्राकोवर हे पैसे रक्ताचे आहेत म्हणून कार्मेलाकडून शुल्कही घेत नाहीत. त्याच भागाच्या शेवटी ती वेगळी होण्याऐवजी मीडो शिकत असलेल्या कोलंबिया विद्यापीठासाठी टोनीकडून ५०,००० डॉलरची देणगी कबूल करून घेते. डॉक्टरांनी जे पैसे घेतले नाहीत, तेच आता विद्यापीठाकडे जाणार असतात.

संसार आणि गुन्हेगारी यांची कसरत असे या मालिकेचे वर्णन नेहमी केले जाते, परंतु कसरतीला दोन वेगळ्या बाजू असाव्या लागतात. येथे घर धंद्याच्या पैशावर चालते आणि धंद्याला ‘हे सारे मुलांसाठी’ ही सबब घर पुरवते, त्यामुळे एक बाजू सोडली की दुसरीही हातची जाते.

पुढील लेखांकात टोनीची आई लिव्हिया हिचा विचार केला जाईल. कुटुंबाची आणि टोळीची सूत्रे एकाच वेळी हलवून ती पोटच्या मुलाच्याच हत्येच्या कटाला खतपाणी घालते.