वृक्षादनी की वृक्षरुहा?

रायपूरहून दक्षिणेस धमतरीच्या रस्त्याने निघाले म्हणजे वाटेत अभनपूर लागते. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडणारा हा मुलूख मुख्यतः धानाचा. दूरवर पसरलेली शेते, त्यांच्या बांधांवर बाभळी आणि गावाजवळ मोहाची व आंब्याची जुनी झाडे, असे या सपाट प्रदेशाचे रूप आहे. छत्तीसगढच्या या भागात अशा जुन्या मोहाच्या किंवा आंब्याच्या फांदीवर कधी कधी एक चमत्कारिक वनस्पती दृष्टीस पडते. पट्ट्यासारखी जाड, मधोमध दुमडलेली पाने, फांदीला वेढा घालून खाली लोंबणारी पांढुरकी मुळे, आणि उन्हाळ्यात किंवा पावसाच्या आरंभी येणारा फुलांचा तुरा. फूल पिवळसर, त्यावर तपकिरी रेषांची चौकडी, आणि मध्ये जांभळट-निळी जिवणी. वास मंद व गोड असतो.

वनस्पतिशास्त्रात हिचे नाव व्हँडा टेसेलाटा. टेसेलाटा म्हणजे चौकडीची. आपल्याकडे व पूर्व भारतात तिला रास्ना असेही म्हणतात. शेतकऱ्याला मात्र हे झाडावरचे बांडगूळ वाटते. झाडाचा रस पिऊन हे पोसले जाते आणि शेवटी झाडाला मारते, अशी समजूत असल्यामुळे अनेक ठिकाणी ते ओरबाडून फेकण्यात येते. हा आरोप जुना आहे. तो या वनस्पतीच्या नावातच शिरून बसला असून त्या नावाबरोबर साऱ्या जगात फिरून आला आहे.

अमरकोशात अशा वनस्पतीला चार नावे दिलेली आहेत : वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका. हिंदीतील ‘बांदा’ हा शब्द याच वन्दाचा वंशज होय. या चार नावांतील मधली दोन परस्परांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. वृक्षादनी म्हणजे वृक्षाला खाणारी, आणि वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर वाढणारी. एकात दोषारोप आहे, दुसऱ्यात केवळ वस्तुस्थिती. आपल्या पूर्वजांनी दोन निरनिराळ्या प्रकारच्या वनस्पती एकाच नावाखाली गोळा केल्या, आणि त्यामुळे चोराचा गुन्हा पाहुण्याच्या माथी आला.

खरे बांडगूळ झाडाच्या सालीतून आपली शोषक मुळे आत घुसवते आणि झाडाने जमिनीतून ओढलेले पाणी व क्षार बळकावते. ते उपटू गेल्यास सालीचा व लाकडाचा तुकडाच हातात येतो, इतके ते झाडाशी एकजीव झालेले असते. व्हँडाचे मूळ सालीला फक्त बाहेरून चिकटते. त्या मुळावर मृत पेशींचे एक पांढरे, स्पंजासारखे वेष्टण असते. पावसाची सर आली, दव पडले किंवा सालीवरून पाणी ओघळले, की ते वेष्टण पाणी टिपून घेते. सालीच्या भेगांत साचलेली धूळ व कुजलेला पालापाचोळा यांतून क्षार मिळतात, आणि अन्न हिरवी पाने स्वतः तयार करतात. मुळाचे टोकही हिरवे असते. तेही या कामाला थोडा हातभार लावते. फांदीवर तिचा जो भार पडतो, तेवढाच काय तो झाडाला उपद्रव. झाड हे तिचे बिऱ्हाड आहे, अन्न नव्हे.

ही गोष्ट उघड्या डोळ्यांना दिसण्यासारखी आहे. पण डोळे उघडे असणे आणि पाहणे या दोन क्रिया भिन्न आहेत. उष्ण कटिबंधातील ऑर्किडांकडे प्रथम बारकाईने पाहिले ते चित्रकारांनी. याचे एक व्यावहारिक कारण होते. इतर झाडांची डहाळी कागदात दाबून वाळवली तर बरीचशी ओळखू येते. ऑर्किडाचे जाड पान लवकर वाळत नाही, फुलाचा रंग उडतो आणि त्याची घडण चपटी होऊन बिघडते. चार महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर युरोपातील पंडिताच्या हाती पडे ते तपकिरी चिपाड. म्हणून ऑर्किडाच्या बाबतीत चित्र हाच मोठा पुरावा ठरला.

या चित्रपरंपरेतील आरंभीचा थोर ग्रंथ म्हणजे ‘हॉर्टस मलबारिकस’. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने तो सिद्ध करविला आणि १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाला जिव्हाळ्याची गोष्ट अशी, की या कामात रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोंकणी वैद्यांनी मोठे साह्य केले. १६७५ साली त्यांनी लिहून दिलेले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात देवनागरी लिपीत छापलेले आहे. ग्रंथाच्या बाराव्या खंडात ऑर्किडांची चित्रे येतात, आणि तेथे त्यांचे मलयाळी नाव दिले आहे ‘मरवाळ’. मर म्हणजे झाड आणि वाळ म्हणजे केळ, झाडावरची केळ. या नावात चोरीचा आरोप नाही. आपण जिला सीतेची वेणी म्हणतो तिचे चित्रही याच खंडात आहे. पुढे १७५३ मध्ये स्वीडनचा विख्यात शास्त्रज्ञ लिनीयस याने या वनस्पतीला लॅटिन नाव दिले, ते याच चित्राच्या आधारावर. एका चित्राने एका वनस्पतीला शास्त्रात जन्म दिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

मोहावरच्या व्हँडाचे चित्र त्यानंतर शंभर वर्षांनी आले. विल्यम रॉक्सबर्ग हा ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य बस्तरच्या पलीकडे, पूर्व किनाऱ्यावरच्या सामलकोट येथे राहत असे. तेथे त्याने हिंदी चित्रकार पदरी ठेवून आसपासच्या वनस्पतींची चित्रे काढविली. त्यांतून निवडलेली ३०० चित्रे जोसेफ बँक्सच्या देखरेखीखाली लंडनमध्ये ‘कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पती’ या ग्रंथात १७९५ ते १८२० या काळात छापली गेली. पहिल्याच खंडात ४२ व्या चित्रपटावर आपली चौकडीची व्हँडा आहे. त्या वेळी तिचे नाव एपिडेन्ड्रम टेसेलाटम असे ठेवण्यात आले होते. १७९३ मध्ये रॉक्सबर्ग कलकत्त्याजवळच्या शिवपूर येथील कंपनीच्या बागेचा मुख्य झाला. तेथेही चित्रांचे काम चालू राहिले, आणि त्याने मागे ठेवलेल्या चित्रांची संख्या अडीच हजारांवर गेली.

ही चित्रे काढणारे हात कोणाचे होते? बहुतेकांची नावे कागदावर नाहीत. देशी चित्रशैलीत तयार झालेला हा कारागीर विलायती कागदावर जलरंगांत काम करी. पानाची शीर न् शीर, मुळाचा पोत, फुलाचे निरनिराळे भाग सुटे करून तो दाखवी. पुण्याजवळ दापोडी येथे मुंबई सरकारची वनस्पतिबाग होती. तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या काळात काढविलेली चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेत जपून ठेवली आहेत. त्यांच्या चित्रकाराचे नावही अज्ञातच राहिले. वॉलिकच्या ‘प्लान्टी एशियाटिकी रॅरिओरीस’ या १८३० ते १८३२ मधील ग्रंथावर विष्णुप्रसाद आणि गोराचंद ही नावे छापली गेली, हा अपवाद होय. वनस्पतीला नाव मिळाले, नाव देणाऱ्याला कीर्ती मिळाली; पाहणाऱ्याला मात्र बहुधा काहीच मिळाले नाही.

चित्र निघाले त्याच १७९५ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात सर विल्यम जोन्स यांचा हिंदी वनस्पतींवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. संस्कृतचे हे व्यासंगी न्यायाधीश कोशातील नावांची प्रत्यक्ष झाडांशी गाठ घालीत होते. त्यांनी वन्दा हे नाव या ऑर्किडाला लावले. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन याने लंडनच्या ‘बॉटॅनिकल रजिस्टर’ या सचित्र नियतकालिकातून व्हँडा ही स्वतंत्र प्रजाती शास्त्रात रूढ केली. अशा रीतीने अमरकोशातील एक शब्द जगभरच्या उद्यानांच्या पाट्यांवर जाऊन बसला. आणि त्याच्या अर्थातला बांडगुळाचा डागही त्याच्याबरोबर गेला.

तोवर इंग्लंडातील धनिकांना या फुलांचे वेड लागू लागले होते. त्यांना वाटले, उष्ण देशाची वनस्पती म्हणजे तिला सतत ऊब आणि वाफ हवी. काचघरांची दारे-खिडक्या बंद करून आत भट्ट्या पेटविण्यात आल्या, आणि कुबट, कोंदट हवेत हजारो झाडे कुजून गेली. मोहाच्या फांदीवर वारा खेळत असतो, रात्री गारवा असतो, पावसाळ्यानंतर कोरडे महिने येतात. या गोष्टी चित्रात दिसत नव्हत्या. चित्रकाराने वनस्पती काढली होती, तिच्याभोवतीची हवा त्याला काढता येण्यासारखी नव्हती. १८३० नंतरच्या दशकात चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने काचघरात वारा खेळू दिला आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या ऑर्किडांना निरनिराळी उष्णता दिली. त्यानंतर झाडे जगू लागली.

झाडे जगू लागली तशी हाव वाढली. १८५० साली जोसेफ हूकर खासी टेकड्यांत गेले असता त्यांनी क्यू येथील बागेसाठी सात माणसांच्या ओझ्याइतकी निळी व्हँडा गोळा केली. वाटेतील अडचणींमुळे त्यांतील थोडीच झाडे जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने धाडलेले एकाच माणसाचे ओझे हलाखीच्या स्थितीत पोहोचूनही ३०० पौंडांना विकले गेले. हा सारा वृत्तांत हूकर यांनीच लिहून ठेवला आहे. दक्षिण अमेरिकेत कोलंबियात आल्बर्ट मिलिकन या संग्राहकाने सुमारे दहा हजार ऑर्किडे मिळविण्यासाठी सुमारे चार हजार वृक्ष तोडल्याचे १८९१ च्या आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. ऑर्किडाने वृक्ष खाल्ला नव्हता. ऑर्किडाच्या हव्यासाने खाल्ला. वृक्षादनी हे नाव कोणाला शोभते, याचा निर्णय या आकड्यांवरून करता येतो.

रानातून झाडे ओरबाडण्याचे एक कारण म्हणजे ती बियांपासून वाढविता येत नसत. ऑर्किडाच्या एका बोंडात हजारो बिया असतात. पण त्या धुळीसारख्या सूक्ष्म, आणि त्यांच्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. १८९९ मध्ये नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला आढळले, की या बीजाला रुजण्यासाठी एका बुरशीची सोबत लागते. ती कोवळ्या अंकुराला अन्न पुरविते. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन याने शर्करा आणि क्षार घातलेल्या निर्जंतुक खळीवर, बुरशीवाचूनही, काचेच्या कुपीत बिया रुजवून दाखविल्या. १९६० मध्ये फ्रान्सच्या झॉर्झ मोरेल याने कोंबाच्या टोकापासून रोपे करण्याची रीत दाखविली. त्यामुळे एका रोपापासून असंख्य रोपे करणे शक्य झाले आणि राजेरजवाड्यांच्या काचघरातील फूल सामान्य फुलवाल्याच्या बादलीत आले. सिंगापुरात १८९३ मध्ये जगापुढे आलेली ‘व्हँडा मिस जोआकिम’ ही संकरित जात १९८१ मध्ये त्या देशाचे राष्ट्रपुष्प झाली. आजचे शास्त्रज्ञ तिला वेगळ्या प्रजातीत घालतात. लोकांच्या तोंडी मात्र संस्कृत शब्दच राहिला आहे. आपल्या चौकडीच्या व्हँडालाही तिच्या सुगंधामुळे संकराच्या कामी मान मिळाला आहे.

कायदाही मागोमाग आला. १९७५ पासून अंमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने रानातील ऑर्किडांच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आणले. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली वनस्पतींचे प्रकरण जोडण्यात आले, आणि निळ्या व्हँडाला त्यात संरक्षण लाभले. परंतु अभनपूरच्या बांधावरच्या साध्या व्हँडाचे भवितव्य कायद्यापेक्षा त्या बांधावरच्या झाडावर अवलंबून आहे. रास्ना म्हणून तिची मुळे औषधासाठी खणण्याऐवजी झाडावरून सोलून नेतात. वास्तविक रास्ना या नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात, आणि त्यांपैकी काही जमिनीत सहज लावता येण्यासारख्या आहेत. व्हँडाची वाढ मंद असते. जुन्या झाडाच्या खडबडीत सालीवर योग्य बुरशी भेटेल तेव्हाच तिचे बीज रुजते, आणि फूल येण्यास आणखी काही वर्षे लागतात. जुना मोह एका दिवसात तोडता येतो. त्याच्या जागी लावलेल्या रोपाची साल या पाहुणीला आसरा देण्याजोगी होण्यास मोठा काळ जावा लागतो.

म्हणून अशा झाडाखाली उभे राहिल्यावर कोयता उचलण्यापूर्वी एवढेच पाहावे : मूळ सालीत घुसले आहे, की सालीवर पसरले आहे? घुसले असेल तर ते बांडगूळ. ते काढावे, झाडाला सुख होईल. पसरले असेल, पांढरे असेल आणि त्याचे टोक हिरवे असेल, तर ती वृक्षरुहा आहे. सामलकोटच्या त्या अनाम चित्रकाराने दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी जे पाहिले, ते पाहण्यास काचघर लागत नाही की लॅटिनही लागत नाही. मान वर करून क्षणभर थांबले म्हणजे पुरते.