राहात्याच्या पेरूचा खरा भाव

नगर-मनमाड रस्त्यानं शिर्डीला जाणाऱ्याला राहात्याचे पेरू वेगळे सांगावे लागत नाहीत. मी छोट्या विक्रेत्यांचे हिशेब लिहिते. त्यांच्यापैकी कुणी सल्ला मागितला, की आधी एका क्रेटचा हिशेब मांडायला लावते.

समजा, २० किलोचं क्रेट ६०० रुपयांना पडलं. किलोला ३० रुपये, असं सगळेच म्हणतात. पण ३ किलो माल दबला, डागाळला, तर तेच ६०० रुपये १७ किलोंतून काढायचे. खरेदी ३५ रुपयांच्या वर गेली. वरून टेम्पोभाडं आणि पिशव्या. घरची बाई दिवसभर उन्हात बसते, तिची मजुरी वहीत कधीच चढत नाही. ती चढलीच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

विक्रीचा खरा कस बोलण्यात लागतो. ‘किती देऊ?’ याआधी ‘कुठं निघालात, दादा?’ असं विचारावं. पेरू तोडल्यावरही पिकत राहतो. म्हणून मुंबईच्या गाडीला हिरवट, कडक फळ द्यावं. गाडीतच खाणार असतील तर पिवळसर. आणि तिखट-मीठ लावलेली एक फोड हातावर ठेवावी. चव घेतलेला माणूस सहसा घासाघीस करत नाही. पिकलेला माल सकाळीच वेगळा काढून दुपारपर्यंत उतरत्या भावानं संपवावा. संध्याकाळी त्याला कुणी विचारत नाही.

क्यूआर कोडवर आलेले पैसे घरखर्चाच्या खात्यात नकोत. धंद्याचं वेगळं खातं उघडा. कर्ज मागायला गेलात की बँक त्याच खात्यावरची उलाढाल बघते.