अवर्षण आणि जंगलातील झाडे

कोरड्या ऋतूत साग पाने गाळतो तो पाणी राखण्यासाठी. परंतु लागोपाठ दोन-तीन वर्षे पाऊस हुकल्यास एवढ्याने भागत नाही. खोडातील जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरून पाणी वर चढणे खुंटते. म्हणून झाड बहुधा शेंड्याकडून वाळू लागते. पर्णरंध्रे मिटल्याने नवे अन्नही पुरेसे तयार होत नाही व साठविलेल्या पिष्टावर गुजराण करावी लागते. तो साठा आटला की खोडकिड्यांचे फावते. कित्येक झाडे तर पाऊस परतल्यावर एकदोन वर्षांनी मरतात. तेव्हा दुष्काळाची आठवणही कोणास नसते.

तथापि शेंडा वाळला एवढ्यावरून कुऱ्हाड चालवू नये. बुंध्याची साल कोयत्याने किंचित खरवडावी. आतील भाग ओलसर असल्यास झाड जिवंत समजावे. चाऱ्यासाठी अंजनाचा पाला तोडताना निदान अशी झाडे वगळावीत.